जरा सरकता का?

"जरा सरकता का?"

मी हे विचारलं ते नारायणगावच्या स्टँडवर, ओझरला जाणाऱ्या एस.टी.त. दोन हजार तीन सालची दिवाळीची सुट्टी चालली होती. खिडक्यांच्या काचा धुक्याने पांढऱ्या झालेल्या, बोलणाऱ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि विघ्नहराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी गाडी गच्च भरली होती. एकाच सीटवर जागा दिसत होती. खिडकीशी एक आजोबा झोपलेले, या टोकाला एक उंच, सावळा माणूस, आणि दोघांच्या मध्ये पिठाची गोणी. गोणीतून एक लाकडी पट्टी वर आलेली... अशी ऐटीत, जणू तीच गाडी चालवणार आहे!

"जागा न्हाई ताई," तो माणूस म्हणाला. "तिघांची सीट हाय, तिघं बसलोय."

"तिसरं कोण?"

"ही." त्याने पट्टीवर हात ठेवला. "फळ्यावरची मीटरपट्टी. आडवी ठिवली तर मोडती, सोडून दिली तर कुणाच्या तरी डोळ्यात जाती. लई नाजूक स्वभावाची हाय."

"तिकीट काढलंय तिचं?"

"हाप. बारा वर्षांच्या आतली हाय ना."

डोळ्यांत एवढी मस्करी होती, की यायला हवा होता तेवढा राग मला आला नाही. थोडा आला. तोच मी ओझरपर्यंत उभ्याने, पट्टीच्या टोकापासून नाक वाचवत, पुरवून पुरवून वापरला.

पण देव बघत असतो, त्यातून विघ्नहर तर गावातच बसलेला. तासाभराने भक्तनिवासाच्या हॉलमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. मी सतरंजीवर मध्यभागी उभी राहून "नमस्कार, मी शीला गुंजाळ, आजपासून तुमच्याबरोबर..." एवढं म्हणते तोच दारातून आधी पट्टी आत आली. मागून तो.

मला पाहिलं आणि थबकला.

"बसा ना," मी म्हटलं. "आमच्याकडे भरपूर जागा आहे. तिचीसुद्धा सोय करू."

महाळुंगे पडवळच्या शाळेतले गणिताचे सोपान चासकर सर ते हेच. मुलं त्यांना पाठीमागे 'मीटर' म्हणत, हे मला पुढे कळलं.

मी तेव्हा आळ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. पुण्याच्या एका संस्थेने आम्हा काहीजणांना एक नवी रीत शिकवली होती, आणि ती आम्ही जुन्नर-आंबेगावच्या बाकी शिक्षकांना शिकवायची असं ठरलं होतं. रीत सांगायला सोपी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मोठ्या मुलामुलींनी गोल करून बसायचं. काय अडतंय, काय कळत नाही, कशाची भीती वाटते, ते एकमेकांना सांगायचं, आणि ज्याला जे येतं त्याने ते दुसऱ्याला द्यायचं. शिक्षकानेही बसायचं, पण खुर्चीवर नाही, त्यांच्यातलाच एक होऊन. आणि आधी कडेला उभं राहून विचारायचं, 'येऊ का?' मुलं सरकली तर बसायचं. नाही सरकली तर नाही.

हॉलमध्ये खसखस पिकली. चासकर सर म्हणाले, "म्हंजी आमीच पोरांना इचारायचं, आत येऊ का? हे तर उलटंच झालं की मॅडम!"

"हो. अवघड आहे का?"

"अवघड कसलं. आपली पोरं हायती. लगेच सरकत्यात."

"सगळीच माणसं काही लगेच सरकत नाहीत सर," मी म्हटलं. "मला आज सकाळीच अनुभव आलाय."

कानाच्या पाळ्या लाल होतात अशा माणसांपैकी ते होते. ही एक गोष्ट मात्र मला तिथल्या तिथे आवडून गेली.

प्रशिक्षणानंतर शाळाशाळांत गोल सुरू झाले आणि मदतीसाठी मला महाळुंगे पडवळ वाटून दिलं गेलं. कुणी मुद्दाम दिलं की आपोआप आलं, याची चौकशी मी केली नाही. आमची शाळा त्या वर्षी दुपारची असायची, आणि शनिवारी हेडसरांनी मला मोकळं केलं होतं. आळेफाट्याहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून महाळुंगे... अंग खिळखिळं व्हायचं. पण उतरले की वाटेने बटाट्याच्या ओल्या वावरांचा वास यायचा, आणि कुशाबाईच्या टपरीवर आल्याचा चहा उकळत असायचा.

पहिल्या शनिवारी नववीच्या वर्गाने व्हरांड्यात गोल केला. मला फैजानने, म्हणजे गोलाचा म्होरक्या असलेल्या गोऱ्या, बडबड्या पोराने, हसून जागा दिली. मग चासकर सर आले. पट्टी बाजूला ठेवली. कडेला उभे राहिले. थोडं हसले.

"येऊ का रं आत?"

कोणी हललं नाही.

मी वर्गातली शांतता खूप पाहिलेली. भीतीची असते, कंटाळ्याची असते, डबा उघडायच्या आधीची असते. ही तसली नव्हती. तीस-पस्तीस पोरंपोरी खाली मान घालून बसलेली, आणि त्या गप्प बसण्याला वजन होतं.

शेवटी फैजानच बोलला. उर्मटपणा नाही, काही नाही. "सर... अक्षदाला विचारा."

कोपऱ्यात दोन वेण्यांची एक मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस पट्टी उचलणार. सरांनी खरंच पट्टी उचलली... आणि जाऊन बाहेरच्या पायरीवर बसले. गोल उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.

नंतर चहा घेताना मी विचारलं, "काय केलंत तिला?"

बराच वेळ ते बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. चहा केव्हाच निवला होता.

"फळ्यापाशी उभी केली व्हती. गणित येईना. म्हणलो, तुझ्या डोक्यात न्हाई शिरायचं, त्यापेक्षा आईसंगं कांदे भरायला जा. वर्ग हासला." थांबले. "मी बी हासलो."

"मग?"

"मग गणिताच्या तासाला यायचीच बंद झाली. माझ्या ध्यानातबी आलं न्हाई, मॅडम. आता म्हणती, नववी झाली की शाळाच सोडणार. बाप तर वाटच बघतोय. आज नुसतं गोलापुरतं ही पोरं तिला घरून वढून घेऊन आली."

"मग आता काय करणार?"

"बसणार पायरीवर," ते म्हणाले. "दुसरं काय येतंय मला?"

आणि बसले. दर शनिवारी. आधी कडेला उभं राहून "येऊ का?" विचारायचं, कोणी सरकायचं नाही, मग पायरी गाठायची. थंडी वाढली, तशी अंगावर घोंगडी घेऊन बसायला लागले. पायरीवरून त्यांना आतलं सगळं ऐकू यायचं: कुणाला अपूर्णांक कळत नाहीत, कुणाला कळतात पण विचारायची लाज वाटते, कुणाची शेताला पाणी धरण्यात अभ्यासाची वेळ जाते. सोमवारच्या तासाला बरोबर तेच गणित पुन्हा पहिल्यापासून फळ्यावर यायचं. कुणाचं नाव न घेता. पोरं एकमेकांकडे बघायची.

कुशाबाईच्या टपरीवर मात्र आमचं वेगळंच गणित चाललेलं.

"काय गं मॅडम," ती चहा गाळता गाळता म्हणायची, "ह्ये मास्तर आंगुळ करून, भांग पाडून सकाळधरनं श्टँडाकडं बघत्यात. कुणाचं पावणं यायचंय?"

"मावशी, चा दे गुमान," सर म्हणायचे. कानाच्या पाळ्या तय्यार.

"देते की. दोघात एक देऊ का दोन?"

संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्यांनी कागदाची पुडी पुढे केली. तिळगूळ. "घ्या. गोड बोला."

"मी गोडच बोलते."

"व्हय, पर सगळ्यांशी. आमच्या वाटणीचं जरा जास्त..." पुढचं वाक्य गाडीच्या हॉर्नमध्ये गेलं. मी परत विचारलं नाही. त्यांनी परत सांगितलं नाही. पण ती पुडी मी आळ्यापर्यंत मुठीत घेऊन गेले, आणि तिळगुळाचा पार चिखल झाला.

त्याच भेटीत ते सहज बोलल्यासारखं बोलले होते, "तुमी तरी सरका की एकदा. तुमची जागा हाय आत."

"गोल पोरांचा आहे सर. माझा नाही."

असं मी म्हटलं खरं. पण माणसाचं मन म्हणजे काय प्रशिक्षणाची पुस्तिका असते का, छापलं तसं वागायला? पुढच्या शनिवारी वारा बोचरा होता. ते कडेला उभे राहिले. "येऊ का?" त्यांच्या ओठांना थंडीने भेगा पडलेल्या. कोणी हललं नाही. आणि माझ्या नकळत... नाही, खोटं कशाला, चांगलं कळून सवरून मी बाजूला सरकले. माझ्याशेजारी एका माणसापुरती जागा झाली.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षदानेही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'तुम्हीसुद्धा?' एवढंच होतं. मी शरमेने पाणीपाणी झाले. सगळ्या शिक्षकांना नियम शिकवत फिरणारी मी, आणि एका भेगाळल्या ओठांपायी...

सरांनी ती जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला ती थंडी, तो व्हरांडा, काही जाणवेना.

"न्हाई मॅडम," ते हळू म्हणाले. "तुमी सरकून न्हाई भागायचं. तुमचं काय वाकडं केलंय मी? एक सीट न्हाई दिली, एवढंच."

पोरं फिस्सकन हसली. सर हसले नाहीत. ते जिथे उभे होते तिथेच फरशीवर, गोलाच्या बाहेर, मांडी घालून बसले.

"अक्षदा. मी तुला जे बोललो ते बोलायला नको व्हतं. वर्ग हासला त्याचा दोषबी तुझ्या मैतरांचा न्हाई, माझा हाय. मी हासलो म्हणून ती हासली." ते खाकरले. "तुला गणित येईना, कारण मी नीट शिकवलं न्हाई. कांदे भरणं काय हलकं काम न्हाई, माझ्या आयनं तेच करून मला शिकवलंय. तरी माझ्या तोंडातनं ते आलं. सरकू नको तू. माझ्यासाठी सरकूच नको. मी हितं बरा हाय. पर सोमवारी तासाला ये. तुझी जागा मोकळी ठिवलीय, तिथं कुणाला बसू दिलं न्हाई."

व्हरांड्यात कबुतरं घुमत होती.

अक्षदाने दोन्ही वेण्या मागे टाकल्या. आणि... सरकली.

आता ऐका. गोलात बसलात कधी दाटीने? तिथे एकाने सरकून काही होत नाही. शेजारी घट्ट बसलेला असतो. ती टीचभर सरकली तर तिच्या बाजूची पोरगी सरकली. मग तिच्या पलीकडची. मग फैजान, "ए, हल की रं" म्हणत शेजाऱ्याला ढोसत. तळ्यात खडा पडल्यावर लाट फिरावी तशी ती सरक-सरक गोलभर फिरली. कुणी बोट वर केलं नाही, कुणी मोजलं नाही, मी तर एक शब्द बोलले नाही. ती लाट माझ्यापर्यंत आली, मी सरकले, माझ्याकडून पुढे गेली... आणि अक्षदाच्या शेजारी, सगळ्यांच्या थोड्या थोड्या जागेतून, एक अख्ख्या माणसाची जागा तयार झाली.

इतकी वर्षं शिकवलं त्यानंतर मी. देवळं पाहिली, लेणी पाहिली, नाणेघाटात ढग पायाखाली आलेले पाहिले. पण एवढं मोठं काही पुन्हा पाहिल्याचं आठवत नाही.

"या ना सर," अक्षदा म्हणाली. "गार लागत असेल तिकडं."

सर आत आले. बसले. आणि गोल उठेपर्यंत नुसतं ऐकत होते, लहान मुलासारखे.

सोमवारी ती तासाला गेली. मला ते पुढच्या शनिवारी कळलं, आणि तेही स्टँडवर उतरताच, कुशाबाईकडून. सर मला सांगेपर्यंत थांबायचा धीर तिला कुठला!

त्या दिवशी दुपारी मी परतीच्या गाडीत चढले, तर तिघांच्या सीटवर चासकर सर. एकटे. गोणी नाही, पट्टी नाही.

"तुम्ही कुठे निघालात?"

"मंचरला."

"काय काम?"

"काय बी न्हाई," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"आणि तुमची ती? नाजूक स्वभावाची?"

"शाळंत ठिवली. अक्षदाकडं. तिला म्हणलं, तू मोज आता." आणि ते खिडकीकडे सरकले. मी अजून उभीच, म्हणून आणखी सरकले. "बसा. आज तिसरं कुणी न्हाई. म्हंजी... तुमची हरकत नसंल तर... पुढंबी... दोघंच..."

एवढा गणिताचा मास्तर, पण दोघांच्या पुढे त्याला मोजता येईना. ते आपले सरकतच होते. खांदा काचेला लागला, गुडघा पत्र्याला टेकला, तरी सरकताहेत. आमच्या मध्ये पिठाच्या तीन गोण्या मावतील एवढी जागा झाली.

कंडक्टरने घंटी मारली. मी बसले.

"सर," मी म्हटलं, "जरा सरकता का?"

"आता कुठं सरकू? खिडकीतनं खाली पडंन की!"

"तिकडे नाही हो," मी म्हटलं. "इकडे."