दोघांनी वेगवेगळं वाचायचं

समुद्रावरून आलेलं हिवाळी वादळ त्या सकाळी इजिप्तच्या अख्ख्या इस्कंदरिया शहराला झोडपत होतं. मी पळत पळत चहाच्या टपरीच्या छपराखाली शिरले, तर तिथं आधीच एक उंच तरुण… डोक्यावर फाइल धरून.

“अहो, कागद भिजतायत!”

“मग काय, डोकं भिजवू?”

“डोकं वाळतं. कागद नाही.”

तो हसला. फाइल कोटात सरकवली. केसांतलं पाणी टपटप चहाच्या पेल्यात पडत राहिलं आणि तो पठ्ठ्या तसाच पीत राहिला… माझ्याकडे बघत.

अर्ध्या तासानं कळलं, हा हातिम. आमच्या प्रमुख डॉक्टर इनासबाईंनी माझ्या जोडीला नेमलेला दुसरा वाचक!

काम असं होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवलं, तर ते जास्त जगतं का? जगात यावर जे जे संशोधन झालं, ते सगळं शोधायचं, चाळायचं आणि त्यातून एक उत्तर काढायचं. तीन हजार आठशे बारा शोधनिबंध.

“शाहीनाज, हातिम, नीट ऐका,” इनासबाईंनी बजावलं. “दोघांनी वेगवेगळं वाचायचं. प्रत्येकावर ‘होय’, म्हणजे घ्यायचा, किंवा ‘नाही’, म्हणजे वगळायचा; ‘नाही’ला कारण लिहायचं. एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही. मतं शेवटी एकदम उघडू. नाही जुळली, तर भांडा. तरी नाही जुळली, तर मी आहे.”

मधे एक पातळ लाकडी भिंत. अलीकडे मी, पलीकडे तो.

“आज कुठवर?” तो दारातून डोकवायचा.

“सांगायचं नाही.”

“डोळे लाल दिसतायत, म्हणून विचारलं.”

“डोळ्यांबद्दल नियम नाही वाटतं?”

“नाही. मी नियमावली दोनदा वाचलीय.”

मी मान खाली घालायची. समोर कधी कोलंबियातलं बाळ, कधी मलावीतलं… नऊशे ग्रॅम, अकराशे ग्रॅम. भिंतीपलीकडे तोही याच बाळांची वजनं वाचत असेल, या विचारानं अंगावर काटा यायचा.

आणि एके दुपारी पडद्यावर माझ्या मामाचं नाव आलं. मामा म्हणजे माझी आई; आमच्याकडे आईला मामाच म्हणतात. एकोणतीस वर्षांपूर्वी इथल्याच प्रसूतिगृहात तिनं केलेला अभ्यास. आमच्यात लग्नानंतरही बाईच्या नावापुढं तिच्या बापाचंच नाव राहतं, त्यामुळे ती माझी आई हे कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. त्या बाळांसाठी तिनं उभं आयुष्य घातलं होतं. तिचं नाव या कामात असावं, एवढंच मला हवं होतं. मी गप्प बसले… आणि ‘होय’वर बोट दाबलं.

मतं उघडली त्या दिवशी तिथंच खटका उडाला. हातिमचं ‘नाही’ होतं.

“सम तारखेचं बाळ आईजवळ, विषम तारखेचं उबेच्या पेटीत,” तो म्हणाला. “दाखल करणाऱ्याला तारीख दिसते ना! बाळ फारच अशक्त असलं, तर तो नाव एक दिवस उशिरा नोंदवेल. वाटणी कुणाच्या हातात नको.”

“तुम्हाला काय कळतंय! जेवण सोडून त्या बाळांपाशी बसायची ती!”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“…आई आहे माझी.”

बाहेर पाऊस. त्यानं फक्त ‘बरं, घेऊ या’ म्हणावं… मी वाट बघत राहिले.

“तुम्ही रुसाल,” तो हळूच म्हणाला. “पण आपलं उत्तर वाचून उद्या कुठंतरी एखादी नर्स बाळ पेटीतून बाहेर काढणार आहे, शाहीनाज. मला नाही घेता येणार. आणि हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

रडत घरी गेले. मामा ओट्याशी मासे साफ करत होती. तिला सगळं सांगून टाकलं.

“माझा घेतलास? अगं वेडे, काढून टाक तो! पेट्या चार, बाळं चाळीस… तारखेशिवाय दुसरं सुचलंच नाही. आणि दोन अगदी मरतुकडी होती ना, त्यांच्या तारखा मीच सरकवल्या. आईजवळ जावीत म्हणून.” मग सुरी थांबली. “कोण गं तो? बरोबर तिथंच बोट ठेवणारा?”

“हातिम…”

“लाजतेस काय! मासे खायला बोलाव त्याला.”

दुसऱ्या दिवशी इनासबाईंना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. निबंध वगळला.

महिन्याभरानं आकृती तयार झाली. प्रत्येक अभ्यासाची एकेक आडवी रेघ, मधोमध ‘काहीच फरक नाही’ म्हणणारी उभी रेघ, आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांची बेरीज… बसबूसाच्या, म्हणजे रव्याच्या मिठाईच्या, वडीएवढा छोटा चौकोन. तो उभ्या रेघेला शिवला, तर आपल्याला काहीच कळलेलं नाही. आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो.

तो रेघेपासून लांब होता. स्वच्छ, लांब. आयांच्या बाजूला.

कधीच न भेटलेली हजारो बाळं त्या चिमुकल्या आकारात श्वास घेत होती.

“तुमची आई बरोबर होती,” हातिम पुटपुटला. “तिच्या कागदाशिवायसुद्धा.”

त्याचेही डोळे भरले होते. मग त्यानं वहीचं एक पान टरकावलं, अर्धं माझ्यापुढं सरकवलं.

“एक प्रश्न आहे. दोघांनी वेगवेगळं लिहायचं. बघायचं नाही.”

“अहो, प्रश्न तर सांगा!”

“पहिल्या चहापासून ठाऊक आहे तुम्हाला.”

पेन उघडलं. लिहिलं. चिठ्ठ्या एकदम उघडल्या.

त्याची — होय. माझी — होय.

“कारण नाही लिहिलंस?” त्याचा आवाज केवढा हळवा झाला होता…

“नियमावली दोनदा वाचलीस ना?” मी म्हटलं. “कारण ‘नाही’ला लिहायचं असतं, हातिम. ‘होय’ला नाही.”