हाताची घडी, तोंडावर बोट

मुलांच्या डोक्यावर टोप्या चढल्या आणि बालवाडीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. ते घड्याळ चालू आहे, हे हेमलताबाई दिघ्यांना इतक्या वर्षांत प्रथमच कळलं. समोर चार-चार वर्षांची पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती, आणि तीही न सांगता. शार्दूलने तर आठवडाभरात कुणाचा चावा घेतला नव्हता.

सगळं घडलं होतं ते या शार्दूलपायीच. वर्गातले अर्धे कान आणि संस्थेच्या अध्यक्षांची करंगळी त्याची चावून झाली होती. ‘एक तर तो राहील, नाहीतर आमची मुलं,’ असं पालकांनी बजावलं. बाईंचा मात्र त्या पोरावर जीव. त्याला काढून टाकायचं त्यांच्या मनाला पटेना. म्हणून त्यांनी आपला जुना विद्यार्थी, मेंदूशास्त्रज्ञ पराग टिळेकर, याला कराडला बोलावून घेतलं.

"बाई, लहान मुलाच्या मेंदूत अ‍ॅक्सिलरेटर जन्मापासून तयार असतो," परागने समजावलं. "ब्रेक असतो कपाळामागे, आणि तो पक्का व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात. तोवर मनात आलं की हात उठतो."

"हे तू मला सांगतोस? खडूचा डबा मी कुलपात ठेवायचे, तो कुणामुळे? सगळे खडू खायचास."

पराग लाजला. "तर हा संयमसेतू. मोठ्या माणसाने स्वतःला आवरलं की मेंदूतून एक संकेत निघतो. तुमच्या टोपीतून तो मुलांच्या टोप्यांत जाईल आणि त्यांच्या मेंदूला तीच सवय लागेल. तुमच्याइतका संयम मी कुणात पाहिला नाही, म्हणून ब्रेक तुमचाच."

बाई सुखावल्या. एवढं कौतुक त्यांच्या घरातसुद्धा कुणी केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ओजसची चड्डी ओली झाली. आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "उगाच तुम्हाला त्रास." ईशानीने डब्यातला लाडू इतरांना वाटला आणि स्वतः रिकाम्या डब्याकडे बघून हसली. सईने हत्ती रंगवायला हिरवा खडू उचलला, जरा विचार केला आणि परत ठेवला. "बरं दिसत नाही," ती पुटपुटली.

दुकानातल्या मोरपंखी साडीवरून हात फिरवून बाई दर दिवाळीला हेच म्हणत आल्या होत्या.

त्यांनी तडक परागला बोलावलं. "तू घेतलास तो माझा संयम नव्हे रे. सासूबाईंसमोर गप्प बसले, अध्यक्षांसमोर गप्प बसले. राग यायचा, पण लोक काय म्हणतील म्हणून गिळायचे."

परागचा चेहरा उतरला. "यंत्राला ब्रेक कळतो, बाई. पाय कशाच्या भीतीने दाबला, ते नाही कळत."

टोप्या तेव्हाच उतरवल्या. सवय जाईल का, असं विचारल्यावर पराग टोप्या पिशवीत भरू लागला. बाईंनी मुलांना अंगणात पिटाळलं. मुलं रांगेने गेली.

घसरगुंडीवरून शार्दूल तोंडघशी पडला. गुडघा चांगला फुटला होता. बाई धावल्या. शार्दूलने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग चड्डी ओढून गुडघा झाकला.

"काही नाही, बाई. चालतं."

"रड ना रे," बाई म्हणाल्या. त्यांनी आपला हात पुढे केला. "नाहीतर चाव मला. कुणी रागावणार नाही." त्याने अदबीने मान हलवली.

मग बाईंना राहवेना. मुलांना निदान चावण्याची आठवण तरी व्हावी म्हणून त्यांनी परागचं मनगट धरलं आणि कडकडून चावा घेतला. पराग केवढ्याने तरी ओरडला. फाटकापाशी दोन पालक थबकले.

अंगणात एकही मूल हसलं नाही. सगळ्यांनी मुकाट्याने हाताची घडी घातली. शार्दूल लंगडत बाईंजवळ आला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "असं नका करू, बाई. लोक बघतायत."