सागाच्या पानावरचा तुकडा

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि सूर्यमाळच्या डोंगरावरचं एक अंगण पाहा... चुलीवर नाचणीची भाकर फुगते आहे, आणि ती भाजणाऱ्या प्रमिलाचं काळीज मात्र सैरभैर झालं आहे!

वारल्यांचा पाडा आणि कातकरवाडी, दोघांचा येशू एकच. पण प्रभुभोजनाचा तुकडा कातकऱ्यांना चर्चच्या दाराबाहेर, सागाच्या पानावर मिळे. आता मेथडिस्टांच्या प्रांतिक परिषदेनं ठरवलं, दोन्ही मंडळ्या एक! आणि आजच्या पहिल्या एकत्र प्रभुभोजनाची भाकर कातकरवाडीतूनच यावी, असं पाळकांनी सांगितलं.

प्रमिला जन्मानं वारल्यांची लेक. आईवेगळ्या धाकट्या भावाला, जगनला, तिनंच वाढवलं. पण तिनं गौतम कातकऱ्याशी लग्न केलं, आणि भावानं तिच्या घरचं पाणीही वर्ज्य केलं...

आज तो आला. अकरा वर्षांनी! बसला मात्र नाही.

"बाय, ही भाकर आमच्या पाड्यावरच्या नवशीनं भाजली, असं सांगतो मी. तू गप राहा. नाहीतर पाडा उठून जाईल."

"आणि तू रं? तू खाशील?"

जगननं मान फिरवली.

"भाकर चालते, भाजणारी नाही चालत! वा मेव्हणे!" कुडाआडून गौतम म्हणाला.

प्रमिलानं डोळे पुसले. "ने. माझ्यापायी मंडळी फुटायला नको."

चर्चमध्ये ती सवयीनं दाराबाहेरच बसली, हातात सागाचं पान घेऊन.

"कुणाच्या घरची भाकर?" पाळकांनी विचारलं. जगननं फडकं उघडलं आणि तो थिजलाच... भाकरीच्या मधोमध अंगठ्याचा ठसा! लहानपणी त्याची भाकर ओळखू यावी म्हणून बहीण असाच अंगठा दाबायची. तिच्या भाकरीवर ठसा नसे. पुष्कळदा तिची भाकरच नसे! आज पीठ थापताना तिच्या नकळत हात जुन्याच वाटेनं गेला होता.

"ही... ही माझ्या बहिणीच्या हातची!" जगन दाराकडे वळला. "मी खोटं बोलणार होतो. बाय, मला क्षमा कर गं!"

मागचे दोघं तणतणत उठून गेले. बाकीचे ना उठले, ना पुढं आले.

तेवढ्यात जगनची सहा वर्षांची करिष्मा उठली. आजवर तिला आत्याच्या अंगणात पाऊल टाकायची बंदी होती. ती दाराबाहेर आली, आत्याच्या हातातलं पान ओढून तिनं फेकून दिलं, बोट धरून तिला थेट पहिल्या चटईवर आणून बसवलं, स्वतः तिच्या मांडीवर चढली, आणि भाकरीकडे बघत मोठा आ केला.