जांभळाच्या ढोलीतला नकटा

सुमैराला एकच फोटो हवा होता. ढोलीतून उडी घेणाऱ्या नकट्याच्या पिल्लाचा!

नकटा हे रानबदक. पांढऱ्या डोक्यावर काळे ठिपके, उन्हात जांभळी-हिरवी चमकणारी पाठ, आणि नराच्या चोचीवर काळा मांसल उंचवटा. मादी पावसाळ्यात पाण्याकाठच्या जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेतल्या एका बेटावर, अशीच एक मादी महिनाभर जांभळाच्या ढोलीत बसून होती. बेटावरची झाडं तोडायचा विषय ग्रामसभेत यायचा होता. घरट्याचा पुरावा मिळाला, तर जांभूळ वाचणार होतं.

मिरजेची सुमैरा काठावरून रोज दुर्बीण लावून बसायची. एकतिसाव्या सकाळी मादी ढोलीच्या तोंडाशी सारखी आत-बाहेर करताना दिसली. पिल्लं निघाली असणार! आणि नेमकी त्याच दिवशी नदी चढू लागली.

बेटावर जायला गावात नाव नव्हती. गुऱ्हाळवाल्या बिराप्पानं गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात लोटली. पुरात तिथं तीच नाव. फौजेतून निवृत्त झालेले लालासाहेब हवालदार सोबत निघाले. हात काहिलीबाहेर काढायचा नाही, एवढंच त्यांनी बजावलं. कारण विचारायची गरज नव्हती. त्या पात्रात मगरी होत्या.

काहील गरगर फिरत निघाली. गढूळ पाणी काहिलीच्या काठोकाठ आलं. वाहत येणारा प्रत्येक ओंडका सुमैराला मगर वाटत होता. बेट जवळजवळ बुडालं होतं. जांभळाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं आणि वर मादी हलक्या आवाजात हाका घालत होती.

ढोलीत एक इवलं डोकं दिसलं. सुमैरानं कॅमेरा डोळ्याला लावला.

धाडकन काहिलीला खालून धक्का बसला! बिराप्पाचा बांबू हातातून निसटला. शेजारी खरखरीत पाठ वर आली, पुन्हा बुडाली. काहील धारेकडे ओढली जाऊ लागली.

"पोरी, फांदी धर!" लालासाहेब ओरडले.

एका हातानं जमणार नव्हतं. तिनं कॅमेरा सोडला. तो काहिलीच्या काठावर आपटून पाण्यात गेला. तिघांनी फांदी घट्ट धरली. काहील थांबली.

तेवढ्यात मादी पाण्यात उतरली आणि पिल्लानं उडी घेतली. टप्प! मग दुसरं, तिसरं. कापसाच्या बोंडांसारखी ती पाण्यावर पडत होती. मगर कुठं होती, कुणालाच कळेना. नऊ पिल्लं मादीमागं बुडालेल्या उसात शिरली आणि दिसेनाशी झाली.

फांद्या धरत, तीन तासांनी, ते बेटाच्या टोकाशी पोचले. तिथून पलीकडच्या काठावरच्या लोकांनी दोर टाकून त्यांना ओढून घेतलं.

काठावर सुमैरा पाण्याकडे पाहत बसली. आता पुरावाच उरला नाही, असं ती म्हणाली. लालासाहेब बिडी पेटवत होते. तीन काड्या त्यांच्या हातातच विझल्या.

"म्या बी लय भ्यालोतो," ते म्हणाले. "पर नऊ मोजली. ग्रामसभेत उभा ऱ्हाऊन सांगतो. माजा शबुद हाय."

त्यांनी सांगितलं. बिराप्पाही उठून उभा राहिला. जांभूळ अजून उभं आहे.