ऊन एवढं, वीज एवढीशी

कोंडवाडीच्या माळरानावर त्या दुपारी ऊन असं रणरणत होतं, की शेळ्यासुद्धा बाभळीखालून हलायला तयार नव्हत्या. आणि उबवण केंद्राच्या दारातल्या मीटरवर वीज मात्र निम्मीही नव्हती. आता याला काय म्हणावं?

गिरिजाने मीटरवर टिचकी मारून पाहिली. काटा ढिम्म हलला नाही.

आत काचेच्या उबवणपेटीत माळढोकाचं एक अंडं होतं. माळढोक म्हणजे गवताळ माळावरचा भलामोठा पक्षी, उभा राहिला तर गिरिजाच्या कमरेला लागेल एवढा. ही गोष्ट पुढच्या काळातली आहे बरं का. तोवर हे पक्षी मोजकेच उरले होते. एवढ्या अवजड पक्ष्याला उडताना समोरची तार चटकन दिसत नाही, आणि दिसली तरी वेळेवर वळता येत नाही. म्हणून गावाने माळावरचे विजेचे खांबच काढून टाकले आणि केंद्र सूर्याच्या विजेवर चालवलं. गावातल्या प्रत्येक घराने एकेक पॅनेल दत्तक घेतलं होतं.

"गेले काही दिवस ढगच होते, बॅटरी तळाला गेलीय," गिरिजाची मंदाआत्या म्हणाली. केंद्र तीच सांभाळायची. "आज भरली नाही, तर रात्री पेटी गार पडेल. पिल्लू आतून कवच टोचायला लागलंय गं. आता गारठलं तर जगायचं नाही."

आत्याने दिवे, पंखे सगळं बंद केलं होतं आणि पेटीपाशी डोळ्यांत तेल घालून बसली होती. तिला उठता येत नव्हतं. मग गिरिजाच बाहेर धावली.

बाहेर सगळा सण होता. खंडेनवमीचा दिवस, म्हणजे हत्यारा-अवजारांची पूजा. कोंडवाडीच्या लोकांनी नांगर पुजला, कोयते पुजले आणि आपापल्या पॅनेललाही झेंडूचा हार घातला. पॅनेल पडलं तिरकं, वर हात पोचेना, म्हणून खालच्या कडेवर आडवा, मुठीएवढ्या फुलांचा. बाकी काच लखलखीत पुसलेली. धूळ नाही, पान नाही, तार तुटलेली नाही. गिरिजाचं डोकं चालेना.

शेडमध्ये घोरपड होती. पॅनेलांना चिकटून चढणारा, काच धुणारा यंत्रमानव, म्हणून लाडाने घोरपड. तिचीही पूजा झाली होती, आणि पुजलेल्या अवजाराला विश्रांती द्यायची म्हणून बटणही बंद केलं होतं. गिरिजाने इकडेतिकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"मला सगळं लाल दिसतंय," घोरपड म्हणाली.

गिरिजाने तिच्या डोळ्यावरचं कुंकू ओढणीने पुसलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"शेडमध्ये एक छोटं सुटं पॅनेल आहे. ते उन्हात ठेव, त्याला तिथलंच सुटं मीटर लाव," घोरपड म्हणाली. "काचेखाली निळे चौकोन दिसतात ना? ते सौरघट (उन्हाची वीज करणारे तुकडे). त्यातला एकच तळहाताने झाक."

गिरिजाने झाकला. काटा धाडकन खाली आला. हात काढला, काटा वर. पुन्हा झाकला, पुन्हा खाली.

"असं कसं? एकच तर झाकला. बाकीचे उन्हातच आहेत की."

"उन्हाळ्यात गावाने तळ्यातला गाळ काढला, तेव्हा घमेली कशी नेलीत?"

"रांगेत उभं राहून. या हातातून त्या हातात." गिरिजा थांबली. तिला बबनकाका आठवले. मध्येच तंबाखू मळत उभे राहिले होते. मागच्यांकडे घमेल्यांचा ढीग आणि पुढचे रिकाम्या हातांनी ताटकळत. एक माणूस रेंगाळला आणि सगळी रांग अडली. "म्हणजे हे चौकोनसुद्धा एका रांगेत आहेत?"

"याला एकसर जोडणी म्हणतात (एकामागून एक, एकाच वाटेची जोडणी). प्रत्येक घटातून सारखीच वीज वाहते. सावलीतला घट जेवढी पुढे जाऊ देईल, तेवढीच."

गिरिजाने मोठ्या पॅनेलांकडे पाहिलं. हार जेमतेम वीतभर जागा अडवत होता. पण त्याच्याखाली तळाचे सगळे चौकोन होते, आणि हार तर प्रत्येक पॅनेलवर होता. प्रत्येक रांगेत एकेक बबनकाका.

ती पहिल्या हाराला हात घालणार, एवढ्यात मागून काठी आपटली. दगडूतात्या. गावातली सगळी पूजाअर्चा त्यांच्याच हातची.

"पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा न्हाई पोरी. माज्या आज्यापासनं चालत आलंय."

गिरिजाने त्यांनाही सुट्या पॅनेलवर हात ठेवायला लावला. तात्यांनी काटा खाली जाताना पाहिला, वर येताना पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"पिलाच्या जिवावर आम्हीच उठलो की गं. पर मांडलेली पूजा मोडायची कशी?"

गिरिजाला रडू यायला लागलं होतं. आणि त्यातच तिला घरचा गणपती आठवला.

"तात्या, गणपतीवर अक्षता टाकून तुम्ही त्याला जागेवरून जरासं हलवता. मग पूजा मोडत नाही, पुरी होते. खरं ना?"

तात्यांनी मान डोलावली. मग वाडीकडे तोंड करून त्यांनी अशी हाक दिली की बाभळीखालच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "अक्षता घिऊन या रे सगळे! उत्तरपूजा करायचीय!"

माणसं धावत आली. प्रत्येक घराने आपल्या पॅनेलवर अक्षता टाकल्या, हार उचलला आणि खाली पॅनेल पेलणाऱ्या लोखंडी खांबाला बांधला. मागोमाग घोरपड काच पुसत सरसर निघाली. बबनकाकांनी तर सगळ्यांच्या आधी हार काढला. काटा चढत गेला, निम्म्याच्या पुढे गेला आणि पार टोकाला टेकला. आतून मंदाआत्या ओरडली, "आली गं, वीज आली!" तात्यांनी गिरिजाला चक्क उचलून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी अंडं फुटलं. ओलं, थरथरतं, मातकट रंगाचं पिल्लू मान वर करून बघायला लागलं. मादी होती. आपट्याची पानं वाटायला आलेलं सगळं गाव काचेला नाकं लावून उभं राहिलं, आणि पानं वाटायचं कुणाला सुचलंच नाही.

पुढच्या खंडेनवमीला सगळे हार आधीपासूनच खांबांना होते. गिरिजा मीटरपाशी उभी होती. अचानक काटा किंचित खाली गेला आणि लगेच वर आला. तिने मान वर केली. माळढोकाची मादी पंख पसरून, पॅनेलांच्या अगदी वरून, एकही तार नसलेल्या आभाळात उडत चालली होती.

"पॅनेलवर सावली पडली," घोरपड म्हणाली. "दूर करू?"

"राहू दे," गिरिजा म्हणाली. "ती आपलीच आहे."