टाकीतलं पाणी गेलं कुठे?

नळ उघडला आणि नळातून नुसती हवा आली.

सुताराच्या शेडमधल्या ज्वाळा छपराला भिडल्या होत्या, भुश्शाचे ढीग धडाधड पेटत होते, अर्धं गाव बादल्या घेऊन चौकातल्या नळाशी उभं होतं, आणि नळ आपला फुसफुसतोय! कुणीतरी टेकडीवर धावत जाऊन टाकीवर दगड हाणून पाहिला. ठण्ण. गावची टाकी भर दुपारी कोरडी ठणठणीत होती. विहीर गावाबाहेर. तिथून पहिली बादली येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं. सुताराच्या म्हाताऱ्या वडिलांना आतून ओढून काढलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते.

फळेताईंच्या घरात मात्र योगायोगाने पाणी होतं. जेवताना त्यांचा धाकटा भाऊ डोळे चोळत म्हणाला होता, "ताई, आज नळाचं पाणी भरू नकोस, गढूळ येईल." म्हणून त्यांनी विहिरीवरून दोन कळश्या आणून ठेवल्या होत्या. दोन्ही त्यांनी आगीवर ओतल्या. तेवढ्याने काय होणार, कपाळ!

हा भाऊ दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर उगवला तर उगवला, त्यामुळे गाव कंपाउंडरलाच डॉक्टर म्हणायचं. त्यानेच म्हाताऱ्याचे हात बांधले आणि त्याला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात पोचवलं. परतला तेव्हा त्याचे डोळे लालबुंद झाले होते. धुराने, असं तो म्हणाला.

म्हातारा वाचला. हात वाचतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. पण गावाला तेवढा धीर कुठला? टाकी भरायचं काम पाणीवाल्याचं. टाकी रिकामी. म्हणजे त्याने पंप लावलाच नाही, कुठेतरी ताणून दिली असणार. झाला न्याय! सुताराने भर चौकात त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि एक माणूस मध्ये पडला नाही.

दोन दिवसांनी, सकाळी सकाळी, गावसमितीचे अध्यक्ष फळ्यापाशी आले.

"फळेताई, लिहून घ्या. कामात कुचराई केल्याबद्दल पाणीवाल्यास काढून टाकण्यात येत आहे. उद्या सकाळपर्यंत त्याने समितीची खोली रिकामी करावी."

शाळेतून निवृत्त झाल्या तरी फळेताईंच्या हातातला खडू सुटला नव्हता. चौकातल्या भिंतीवर त्यांनी काळा फळा रंगवून घेतला होता आणि त्यावर त्या रोज गावच्या बातम्या लिहीत. कुणाला मुलगी झाली, कुणाची शेळी हरवली. या आठवड्यात दवाखान्यात औषधांचा नवा साठा आला तेही फळ्यावरच आलं होतं. या गावाला वर्तमानपत्रवाले विचारत नसत. त्यामुळे फळ्यावर आलं ते खरं, असा गावाचा सरळ हिशेब होता.

"ठरलं का हे?" ताईंनी विचारलं.

"संध्याकाळच्या सभेत ठरेल."

"मग उद्या लिहीन. माझ्या फळ्यावर घडलेलं येतं, घडणारं नाही."

"अहो, सभा म्हणजे नुसता उपचार! टाकी रिकामी होती हे अख्ख्या गावाने पाहिलं."

"रिकामी होती हे पाहिलं. भरलीच नव्हती हे कुणी पाहिलं?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ते काढता पाय घेत म्हणाले, "संध्याकाळी या म्हणजे झालं."

ताईंनी हात झटकले आणि सरळ पाणीवाल्याची खोली गाठली. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको भांडी चादरीत बांधत होती.

"पंप लावला होतास?"

"लावला होता, ताई. पोरीच्या गळ्याची शपथ."

"शपथा नकोत. काय काय केलंस ते सांग."

"सकाळी गावाला पाणी सोडलं. मग संध्याकाळसाठी टाकी परत भरली. वरून पाणी सांडायला लागलं तेव्हा पंप बंद केला, फाटकाला कुलूप लावलं आणि आलो."

"सांडताना कुणी पाहिलं?"

"टेकडीवर त्या वेळी कोण असतं हो?"

"टाकी गळते?"

"एक थेंब नाही."

"फाटकाच्या चाव्या किती?"

"एक माझ्याकडे. एक अध्यक्षांच्या कपाटात. एक दवाखान्यात, दर आठवड्याला पाण्यात औषध टाकावं लागतं म्हणून."

नवरा बोलत असताना बायकोने एकदाही मान वर केली नव्हती. आता गाठ आवळत म्हणाली, "ताई, फळ्यावर नाव यायच्या आत आम्ही जातो. पोरीला वाचता यायला लागलंय."

एकदा हे कुटुंब गावातून गेलं की कामचुकार हा शिक्का घेऊनच जाणार, आणि तो कुठल्याच गावात पुसला जाणार नाही. हाताशी फक्त संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

त्या भराभर टेकडीकडे निघाल्या. माणूस खरं बोलत असेल तर पाणी कुठेतरी गेलं. एवढं पाणी काही कुणी ओंजळीने पिऊन टाकत नाही! टाकीच्या बुडाला गाळ काढायचा व्हॉल्व्ह होता. तो उघडला की पाणी कोरड्या नाल्यात पडे. नाला जाई वीटवाल्याच्या आवाराच्या मागून, आणि तिथून रंगारणीच्या वाळवणाकडे.

वीटवाला! वीटवाल्याला पाणी हवंच असतं. ताई तरातरा त्याच्या आवारात शिरल्या.

"परवा तुझ्याकडे पाणी आलं होतं?"

"कसलं पाणी? कुणी सांगितलं?"

ताईंनी नुसतं बोट दाखवलं. नाल्यात कच्च्या विटांच्या रांगा होत्या. म्हणजे कधीकाळी होत्या. आता तिथे चिखलाचे लोळागोळा ढीग वाळून पडले होते.

वीटवाल्याचा चेहरा पडला. "फळ्यावर घालणार नाही ना, ताई?"

"आधी बोल तर खरं."

"नाल्याची जागा सरकारी. मी तिथे विटा वाळत घातलेल्या. परवा दुपारी जेवायच्या आधी वरून लोंढा आला, सगळा माल गेला. बोंब मारली असती तर मलाच धरलं असतं."

"पाणी कसं होतं?"

"पाण्यासारखं पाणी, अजून कसं? पण सुरुवातीला दुधाळ होतं. आणि असा भपकारा, नाक चुरचुरलं. वर कुणीतरी चुना कालवतंय असं वाटलं."

"आणि त्या बिचाऱ्याला चौकात मारलं, तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप होतं?"

वीटवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"संध्याकाळी सभेला ये," ताई म्हणाल्या. "नाही आलास तर मी ह्याच चिखलाची बातमी लिहीन."

रंगारणीकडे वेगळंच रणकंदन चालू होतं. सासू चादरी आपटत होती आणि सून कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघा, ताई, बघा! ह्या बयेने रंग कच्चा लावला. सगळा माल वाया!"

"एकाच पातेल्यातला रंग आहे, ताई," सून फणकारली. "दोरीवरच्या चादरी बघा, नव्या नवरीसारख्या आहेत. नाल्याच्या वाळूत पसरल्या होत्या तेवढ्याच गेल्या. त्यात माझा काय दोष?"

चादरींवर पांढरेफटक डाग पडले होते, जणू कुणी रंग चाटून नेला होता. ताईंनी एक कोपरा नाकाशी धरला. मग त्या तिथेच दगडावर बसल्या.

"अगबाई, काय झालं? पाणी देऊ?" सुनेने विचारलं.

"नको. उन्हातून आले ना," ताई म्हणाल्या. "एक चादर देशील? संध्याकाळी परत करते."

दुपारी भाऊ जेवायला आला. ताईंनी त्याचं ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"बाळ, सभेला येणार ना?"

"येईन."

"पाणीवाल्याला काढतायत. टाकी भरली होती म्हणतो तो."

"सगळेच असं म्हणतात, ताई."

"तुला काही सांगायचंय का?"

त्याचा हात ताटात थांबला. "मला काय सांगायचं असणार?"

तो अर्ध्या जेवणावरून उठला, हात धुतले आणि चपला घालून गेला. ताईंनी ताट उचललं आणि चादरीची घडी घातली.

संध्याकाळी समितीच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाणीवाला एका कोपऱ्यात एकटाच उभा होता. अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला आणि फळेताई उठल्या.

"टाकी भरली होती," त्या म्हणाल्या.

एकच गलका झाला. सुतार ओरडला, "मग पाणी कुठे गेलं? आभाळात?"

"नाल्यात. कुणीतरी खालचा व्हॉल्व्ह उघडला. सांग रे."

वीटवाल्याने चाचरत सगळं सांगितलं. लगेच कुणीतरी खेकसलं, "म्हणजे यानेच पाणी चोरलं!"

"स्वतःच्याच विटांचा चिखल करायला?" ताईंनी आवाज चढवला. "डोकं चालवा जरा. पाणी चोरायचं नव्हतं, टाकून द्यायचं होतं. का? तर ते दुधाळ होतं, नाकाला झोंबत होतं. आणि ही चादर बघा. जिथे ते पाणी लागलं तिथे रंग उडाला. वास घेऊन पाहा. टाकीत टाकायच्या औषधाचा आहे. टाकीत ती ब्लीचिंग पावडर पडली होती, आणि भरमसाट पडली होती."

चादर हातोहात फिरली. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "माझी चावी कपाटातून हललेली नाही हां!"

"तुमच्याकडे चावी आहे, पावडर नाही. पाणीवाल्याकडेही नाही. पावडरचं पोतं फक्त दवाखान्यात असतं."

सगळ्या माना कंपाउंडरकडे वळल्या. ताई थांबल्या नाहीत.

"तूच घरी सांगायचास, जुनं पोतं महिनोन्महिने उघडं पडायचं. पावडरीतला जोर निघून जायचा. म्हणून चार मुठींचं काम व्हायला घमेलंभर लागायचं, आणि हाताला तीच सवय पडली होती. परवा पोतं नवं होतं. बंद, ताजं, कडक. हाताने सवयीने घमेलंच भरलं. वाफारा तोंडावर आला तेव्हा चूक कळली. बाळ, तुझे डोळे धुराने लाल झालेच नव्हते. तू जेवतानाच डोळे चोळत होतास, आणि तेव्हा आग लागलेलीसुद्धा नव्हती."

कंपाउंडर उभा राहिला.

"पोरं प्यायली असती," तो पुटपुटला. "म्हणून सोडलं. संध्याकाळच्या आत टाकी धुवायला काढली असं सांगून परत भरून घेणार होतो. देवाशपथ. मग आग लागली."

"अरे, प्यायला चालत नव्हतं," सुतार किंचाळला, "विझवायला तर चाललं असतं ना! माझ्या बापाचे हात..."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" अध्यक्षांनी विचारलं.

"नोकरीत कायम व्हायचं होतं. आणि गावात तोंड कसं दाखवलं असतं? फळ्यावर आलं असतं."

"आलं असतं," ताई म्हणाल्या. "मी लिहिलं असतं, आणि गावाने घरोघरी विहिरीचं पाणी भरून ठेवलं असतं. पण तू एकाच घरात सांगितलंस. पाइपातलं उरलंसुरलं बहिणीच्या पोटात जाऊ नये एवढी काळजी घेतलीस. बाकीच्या घरांत काय माणसं राहत नव्हती?"

"ताई, हे घरी बोलली असतीस."

"घरीच विचारलं होतं, बाळ. तू ताटावरून उठून गेलास."

अध्यक्षांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि घसा खाकरला.

"बरं, झालं गेलं ते गेलं. पाणीवाल्या, तू उद्यापासून कामावर ये. खोलीही तुझीच. काय?"

पाणीवाला जागचा हलला नाही.

"साहेब, मी येईन," तो म्हणाला. "पण माझी बायको सामान बांधून बसलीय. पहिल्या दिवसापासून मी तिला सांगतोय, टाकी भरली होती. काल तिने मला विचारलं, 'खरंच भरली होती का हो?'" त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आता माझा शब्द घरात चालत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी येऊन तिला सांगा."

अध्यक्षांनी सुताराकडे पाहिलं, सुताराने जमिनीकडे. शेवटी कंपाउंडरच पुढे झाला. गर्दीने त्याला वाट दिली आणि मग सगळी गर्दी त्याच्या मागोमाग चालायला लागली. सुतारही निघाला. सगळ्यांच्या मागे फळेताई होत्या.

पाणीवाल्याच्या बायकोने दार उघडलं. दारात अख्खं गाव पाहून तिने मुलीला पाठीशी घातलं. कंपाउंडरने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मागून कुणीही त्याच्या मदतीला गेलं नाही, ताईसुद्धा नाहीत.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "टाकी भरलेली होती. काठोकाठ. पाणी मी सोडलं."

मग तिची नजर गर्दीतून नवऱ्याला शोधत गेली, आणि तो दिसल्यावर ती मटकन उंबऱ्यावर बसली.

"आणि मी तुम्हाला विचारलं हो," ती हमसून रडत म्हणाली. "मी पण विचारलं!"