काटा तसाच राहू दे

"अहो, हात लावू नका!" असं मी म्हणेपर्यंत त्यानं काटा उपसलासुद्धा होता.

फुस्स...

वेड्या बाभळीचा बोटभर काटा. तो उंच धरून त्यानं मला असा दाखवला, जणू माझा जीवच वाचवला होता! आणि माझ्या सायकलचं पुढचं चाक डोळ्यांदेखत बसत गेलं. पाणी प्यायला लिंबाखाली दोन मिनिटं थांबले, तेवढ्यात हा मोटारसायकलवरून उतरून मदतीला आला होता.

मी भार्गवी. भवानी पेठेतल्या शाळेत क्लार्क, आणि रोज पहाटे दोन तास सोलापूरबाहेरच्या माळावर माउंटन बाइकवर. जिल्ह्याच्या स्पर्धेतल्या पहिल्या तिघींना राज्याला पाठवतात. मी लागोपाठ दोन वर्षं चौथी आले होते, त्यामुळे स्वभाव जरा तिखटच झाला होता.

"या टायरात ट्यूब नसते," मी फणकारले. "काटा आत राहिला तर भोक बुजलेलं राहतं, घरापर्यंत जाता येतं. काढला की हवा गेली!"

"आमच्याकडं काटा दिसला की काडत्यात," तो मान खाली घालून म्हणाला. "बैलाच्या पायात असू द्या, न्हाय तर माणसाच्या... ह्यो ठेवायचा असतोय, हे मला काय म्हाईत?"

आणि मग मोटारसायकल लिंबाखाली लावून तो माझी सायकल खांद्यावर घेऊन शहरापर्यंत चार किलोमीटर चालला. मला एकदाही हात लावू दिला नाही. नाव अमृत, गाव जेऊर, नोकरी शहरातल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात – एवढं सगळं वाटेत कळलं. मी ऑफिसला उशिरा पोचले, आणि तरी दिवसभर हसत होते.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हा कोयता घेऊन माझ्या वाटेवरच्या बाभळी तोडतोय!

"काल चूक झाली की, मॅडम," तो म्हणाला.

एका काट्याची भरपाई त्यानं तीन महिने केली. मी चढ चढायची, तो वर मोबाइलवर वेळ लावून उभा असायचा. आईनं जेऊरहून पाठवलेली शेंगापोळी कागदात बांधून आणायचा. बाजूच्या ज्वारीवर दव असायचं, आणि मी धापा टाकत वर पोचले की तो आधी पाण्याची बाटली पुढे करायचा, मग आकडा सांगायचा.

"आज तेरा सेकंद कमी."

"घड्याळ नीट लावलंत ना?"

"घड्याळ नीट हाय. तुमी वर आला की... बोट उशिरा दाबलं जातंय."

"म्हणजे वेळ खोटी!"

"व्हय, थोडी. खरी याच्याहून कमीच असंल."

मी पाण्याचा घोट घेताना तोंड फिरवलं. गालांवरचा लालपणा चढाचा होता, असं मी स्वतःला सांगितलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला बजावलं, "उद्या बाहेरच्या कुणी मला किंवा सायकलला हात लावला तर मी बाद. लक्षात ठेवा."

"पडलात तरी?"

"पडले तरी."



जानेवारीतला रविवार. शेवटची फेरी. मी तिसरी होते, आणि मागून चौथ्या नंबरवरच्या पायलच्या सायकलचा आवाज जवळ येत होता. मुरुमाच्या उतारावर माझं चाक घसरलं... गुडघा फुटला, तळहात सोलले. डोळे उघडले तर दोन पावलांवर अमृत! आणि माझ्या पुढच्या टायरात – काटा.

त्यालाही तो दिसला. त्याचा हात पुढे आला... थांबला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट धरून ठेवले. चेहरा मात्र रडवेला झाला होता.

"भार्गवी, ऊठ!" तो ओरडला. पहिल्यांदाच – मॅडम नाही, तुमी नाही. "काटा हाय, पण हवा बी हाय. राहू दे तसाच. ऊठ की गं!"

मी उठले. टायर दर फेऱ्याला टिक-टिक वाजत होतं, आणि मी मनातल्या मनात त्या काट्याचे आभार मानत होते.

तिसरी आले! अवघ्या दोन सेकंदांनी.

तो धावत आला आणि माझ्यापासून हातभर लांबच थबकला. "आता... हात लावला तर चालंल?"

मीच त्याचे हात हातात घेतले. तळव्यांवर नखांच्या खोल खुणा होत्या.

"लई अवघड गेलं," तो म्हणाला. "तू पडलेली, आणि मी नुसता उभा... भार्गवी, माझा जीव हाय तुझ्यावर. आता तूच सांग."

आयुष्यात मला सायकल शिकवणारे, औषध लावणारे, सावरणारे खूप भेटले. मी माझी उठावी म्हणून स्वतःचे हात धरून ठेवणारा हा एकच. मला आधी रडू आलं, मग हसू.

"राज्याच्या स्पर्धेला येशील?"

"हात मागं धरून?"

"शर्यत चालू असताना," मी म्हणाले. "बाकी जन्मभर... हे हात असेच माझ्या हातात राहू देत."